करंदीकर साहेबांचा स्कोप

बंदुकीच्या क्लबात कामाला आहे म्हणलं की गावाकडची माणसं विचारतात, "मग रोज गोळीबार का?" त्यांना वाटतं इथं दिवसभर ठो ठो चाललेलं असतंय. खरं सांगायचं तर गोळी सुटायला लागतो एक सेकंद, आन् त्याच्या आधी तीन महिने माणसं एका स्क्रूवरनं भांडत असतात. म्हणून आमच्याकडचे किस्से गोळीचे नसतात, स्क्रूचे असतात. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो.

मी माने. तालुका खटाव. सातवी झालो, आठवीला मास्तरशी वाजलं, तिथंच शाळा संपली. सिंगापूरला आलो ते सेम्बावांगच्या शिपयार्डात फिटर म्हणून. पुढं या क्लबात रायफली दुरुस्त करायला लागलो, त्याला पंधरा वर्षं झाली. माझ्यावर साहेब म्हणजे मिस्टर लिम. शस्त्रांच्या खोलीच्या किल्ल्या त्याच्याकडं. माणूस सत्तरीचा, चेहरा पाटीसारखा कोरा.

आज फक्त करंदीकर साहेबांच्या रायफलीचं सांगतो.

करंदीकर साहेब हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात होते, आता रिटायर. वीस वर्षं आमच्या क्लबात नेम मारतायत, क्लबाच्याच रायफलीनं, साध्या लोखंडी साइटवर, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेवर. मधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं एकदम लख्ख दिसायला लागलं, पण नळीच्या टोकाची साइट पुसट झाली. आमच्या क्लबाचा नियम असा की वर्षातनं एकदा टेस्ट द्यायची, वीस गोळ्या, दोनशेपैकी एकशेऐंशी मार्क पाहिजेत. साहेबांना पडले एकशेएकसष्ट. तीन महिन्यांनी एकदा फेरटेस्ट, त्यात नापास झालं की कार्ड रद्द.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरात सरळ सांगितलं होतं. मुलगी पुण्यात, नातू पुण्यात, कोथरूडचा फ्लॅट कुलपात. पास झालात तर अजून राहू. नापास झालात तर सामान बांधायचं.

साहेब मला म्हणाले, "माने, हे बंद झालं तर मी तिकडं जाऊन काय करू? बागेत फिरू?"

म्हणलं, "स्कोप लावा."

*

गोह म्हणून एक मेंबर ऑस्ट्रेलियाला चालला होता. त्याची पॉइंट टू टूची जुनी टार्गेट रायफल, स्कोपसकट, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीसकट, साहेबांनी घेतली. कागदपत्रं झाली, आन् साहेब मला खोलीत घेऊन गेले. नव्या नवरीसारखी टेबलावर ठेवली होती.

"बघ माने. अगदी नव्यासारखी आहे."

"नव्यासारखी म्हणजे जुनी, साहेब."

"तू एकदा बघ तरी."

बघितली. नळी एक नंबर. लाकूड चांगलं. पण स्कोपमधनं बघितलं तर श्रावणातल्या सकाळी डोंगर दिसावा तसं सगळं धुरकट. आन् माउंट, म्हणजे स्कोप रायफलीच्या पाठीवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा आन् त्यांचे पाय, ते बघितले तर मागच्या रिंगेखाली पत्र्याचा तुकडा सारलेला. ओढून काढला. कोल्ड्रिंकच्या डब्याचा होता, वरती छापलेली अक्षरं अजून दिसत होती.

साहेब म्हणाले, "कदाचित काही तांत्रिक कारण असेल."

"आहे की," म्हणलं. "गोहला तहान लागली होती."

*

रायफल क्लबाबाहेर जात नाही. सगळं काम लिमच्या टेबलावर, लिमच्या समोर. काढताना सही, ठेवताना सही. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, वेगळा, त्याची सही वेगळी.

पहिल्या दिवशी आम्ही जुने स्क्रू सोडवायला बसलो. गोहनं त्यात असला डिंक ओतला होता की स्क्रू जागचा हलायचा नाही, एलन की नुसती गोल फिरायची. दोन तास झाले. साहेब म्हणाले, "चला, कोपी पिऊन येऊ." कोपी म्हणजे इथली कॉफी. समोरच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर जायचं, दहा मिनिटांचं काम.

लिम म्हणाला, "रायफल बॅक इन कॅबिनेट. साइन."

म्हणलं, "अरे, तू इथंच बसलायस की."

"यू गो, रायफल गो."

ठेवली. सही केली. बोल्ट ठेवला, सही केली. कोपी पिऊन आलो, परत दोन सह्या. तेवढ्यात साहेबांना लघवीला जायचं होतं. लिमनं रजिस्टर त्यांच्याकडं सरकवलं.

साहेब परत खाली बसले. संध्याकाळी पाचपर्यंत उठले नाहीत.

*

अभिजित म्हणून पुण्याचा एक पोरगा आहे. पोरगा म्हणजे चाळिशीचा आहे, आयटीत मॅनेजर, बुकित तिमाहला कॉन्डोत राहतो. साहेबांना काका म्हणतो, मला मानेमामा. मनानं चांगला. फक्त त्याला सगळं मोबाइलवर आधीच माहीत असतंय.

नवा स्कोप आन् नव्या रिंगा मागवायचं काम त्यानं अंगावर घेतलं. क्लबाचं पत्र जोडावं लागतं, फॉर्म भरावे लागतात, ते त्यानं सगळं व्यवस्थित केलं. दीड महिन्यानं खोकी आली. स्कोपची नळी तीस मिलीमीटर. रिंगा चौतीसच्या.

मी रिंग उचलली, स्कोपवर घातली. बांगडीसारखी फिरायला लागली.

"अभिजितराव, हे काय?"

"मामा, रिव्ह्यूमध्ये म्हणत होते की मोठी रिंग जास्त स्ट्राँग असते."

"मोठी हाय. पण कुणाला?"

"मधे टेप गुंडाळू आपण. बरेच लोक गुंडाळतात."

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "लगीन ठरवलंस एका पोरीशी आन् चोळी शिवून आणलीस दुसरीच्या मापाची. आता म्हणतोस आत चिंध्या भरू."

साहेब शेजारी उभे होते. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. अभिजित तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तीसच्या रिंगा घेऊन आला, कुणाच्या तरी ओळखीनं इथल्याच दुसऱ्या मेंबरकडनं मिळवल्या होत्या. टेबलावर ठेवल्या आन् म्हणाला, "मुलीचं माप घेऊनच आणल्यात."

*

दुसऱ्याचं सांगितलं, आता माझंबी सांगतो.

रिंगांचे स्क्रू किती आवळायचे त्याचा आकडा कागदावर लिहिलेला असतो, आन् त्याला एक वेगळा स्क्रूड्रायव्हर येतो. आकडा आला की टक वाजतो. टक वाजलं की थांबायचं. लिमनं तो माझ्यापुढं ठेवला.

मी म्हणलं, "मी जहाजाचे पंखे बसवलेत. मला टकटक शिकवू नको."

हातानं आवळले. आठ स्क्रू, एकसारखे, मजबूत. मग स्कोपचं झूमचं कडं फिरवायला गेलो तर फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. रिंगांनी नळी चेपून धरली होती.

साहेब नुसते माझ्या हाताकडं बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. टेस्टला पाच आठवडे राहिले होते, आन् दुसरा स्कोप मागवायचा म्हणजे परत दीड महिना.

स्क्रू सैल केले. मी देवाचं नाव घेतलं. कडं फिरलं. नळीवर मात्र रिंगेची खूण पडली ती पडलीच, गरम भाकरीवर चिमट्याची पडते तशी.

लिम माझ्याजवळ आला, तो स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्या तळहातावर ठेवला आन् बोटं मिटवली.

"शिप कॅन," म्हणाला. "स्कोप कॅनॉट."

*

स्कोपच्या आत बारीक फुलीची रेघ असते. ती सरळ उभी पाहिजे. तिरकी बसली तर लांबच्या नेमाला स्कोपवरची नेम सारखा करायची चाकं जिकडं फिरवाल तिकडं गोळी जात नाही. तर ती सरळ करायची.

अभिजितनं मोबाइल काढला. त्यात लेव्हलचं अ‍ॅप होतं. रायफलीवर मोबाइल ठेवला, हिरवा दिवा लागला, म्हणाला, "परफेक्ट. शून्य डिग्री."

मी स्कोपमधनं बघितलं. म्हणलं, "दारू प्यायल्यासारखी उभी हाय."

"मामा, अ‍ॅप खोटं बोलत नाही. तुमची नजर तिरकी असेल."

मी वर्कशॉपमधनं सुतळी आणली, तिला एक जाड नट बांधला, आन् समोर पन्नास मीटरवर, टार्गेटच्या चौकटीला लटकवला. ओळंबा. आमच्याकडं गवंडी यावरच घर बांधतात. स्कोपमधनं बघितलं, फुलीची रेघ सुतळीला लावली तर सुतळी एकीकडं आन् रेघ दुसरीकडं.

अभिजित म्हणाला, "सुतळी वाऱ्यानं हलली असेल."

म्हणलं, "मोबाइल टेबलावर ठेव."

ठेवला. त्याच्या मागं तीन कॅमेऱ्यांचा उंचवटा. बोटानं एक कोपरा दाबला, फोन डुगडुगला.

साहेब म्हणाले, "अभिजित, किती मेगापिक्सेलचा आहे रे ओळंबा?"

*

दसरा आला. काकूंचं म्हणणं, घरात शस्त्र आलंय, पहिलाच दसरा आहे, पूजा झालीच पाहिजे. घरात कुठं आलंय, ते लिमच्या कपाटात आहे. पण काकूंना ते पटेना. खंडेनवमीच्या दिवशी ताम्हन, हळदकुंकू, झेंडूची फुलं डब्यात घालून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, सेम्बावांगच्या घरनं क्लबात आल्या.

मला वाटलं लिम दारातच नाही म्हणेल. त्यानं डबा उघडून बघितला, एकेक वस्तू विचारली. उदबत्ती बाजूला काढून ठेवली, "फायर, नो." बाकी सगळं रजिस्टरात लिहिलं. फूल सात, पावडर लाल, पावडर पिवळी, राइस थोडा. सही घेतली.

त्या दिवशी मी स्कोप उतरवून ठेवला होता, खालची खाच पुसायला. काकू म्हणाल्या, "असू दे, वेगवेगळं आहे तेच बरं. सगळ्यांना मिळेल." रायफलीला कुंकू, स्कोपला कुंकू, माझ्या पान्यांना कुंकू. वरनं अक्षता. मग लिमकडं वळल्या आन् त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला पण लावलं. पुसलं नाही त्यानं.

पूजा झाल्यावर मी स्कोप परत बसवला. टक वाजेपर्यंत आवळला. नियमानं.

त्याच्या पुढच्या शनिवारपासनं गोळ्या भरकटायला लागल्या. पहिल्या पाच बरोबर मधोमध, पुढच्या पाच डावीकडं. दुरुस्त केलं की उजवीकडं. साहेबांनी चार दिवस ओळीनं प्रयत्न केला. पाचव्या दिवशी बोल्ट काढून टेबलावर ठेवला.

"माने, स्कोप चांगला आहे. रायफल चांगली आहे. आता राहिलं कोण?"

"साहेब, थांबा."

"डोळाच गेलाय रे. मी आज घरी सांगतो, बॅगा काढ म्हणून."

टेस्टला दहा दिवस होते. मी म्हणलं, "आज सांगू नका. उद्या सांगा."

ते गेल्यावर मी सगळं उघडलं. रिंगा उघडल्या, पाय सोडवले. आन् मागच्या पायाखाली, खाचेच्या कडेला, कुंकवानं चिकटलेला तांदळाचा अर्धा दाणा. पायाला एका बाजूनं टेकू मिळाला होता. गोळीगणिक तो दाणा चुरत होता आन् स्कोप कणाकणानं सरकत होता.

साहेबांना फोन केला. ते काकूंना घेऊनच आले. मी तो दाणा पांढऱ्या कागदावर ठेवून काकूंपुढं धरला. मी चांगलाच तापलो होतो. म्हणलं, "काकू, हे बघा. तुमच्या पूजेनं साहेब नापास होत होते."

काकूंनी चष्मा लावला. दाणा निरखून बघितला.

"हा तुटका आहे, मानेभाऊ."

"मग?"

"आम्ही अक्षतांना तुटका तांदूळ घेत नाही. मी अख्खे निवडून आणले होते. तुम्ही तोडलात हा."

*

फेरटेस्ट शनिवारी सकाळी. टेस्ट देणारे साहेब एकटेच. दुपारी बाकीची मंडळी येणार म्हणून सगळ्या लेनवर टार्गेटचे कागद आधीच लावून ठेवलेले. एका कागदावर वीस गोल, एका गोलात एक गोळी. साहेब चार नंबरच्या टेबलावर. लिम त्यांच्या मागं उभा, मी घड्याळ धरून लिमच्या शेजारी. काकू पण आल्या होत्या. लिमनं त्यांना सगळ्यात मागं खुर्ची दिली आन् पुढं तिकाटण्यावरची दुर्बीण लावून दिली, बाईमाणसाला कंटाळा नको म्हणून. टेस्ट चालू असताना कुणी बोलायचं नाही, एवढं सांगितलं.

साहेबांनी झूम पूर्ण वाढवला. मी म्हणलं होतं कमी ठेवा, पण त्यांना मोठं दिसलं की धीर यायचा. डोळा लावला, इकडं तिकडं केलं, कागद सापडला, थांबले. श्वास सोडला. पहिली गोळी.

मग एकेक. घाई नाही. मी एवढी वर्षं बघतोय, पण असे बसलेले साहेब मी बघितले नव्हते. खांदे सैल. पंखा फिरतोय, बाहेर मैना ओरडतायत, आन् त्यांना काहीच ऐकू येत नाही. विसावी झाली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

रायफल रिकामी केली. लिमनं तपासली. आम्ही दोघं पन्नास मीटर चालत गेलो.

चार नंबरचा कागद कोरा. एक भोक नाही.

मला वाटलं, माउंट निखळला. परत माझ्याच हातनं काहीतरी झालं. लिम एक पाऊल बाजूला सरकला.

पाच नंबर. वीस गोल, वीस भोकं.

एवढा झूम लावला की स्कोपमधनं एकच कागद दिसतो, वरचा लेनचा नंबर दिसत नाही. साहेबांना शेजारचा कागद सापडला, आन् त्यांनी वीसच्या वीस तिथं मारल्या.

लिमनं तिथंच उभ्या उभ्या मोजलं. एकशेचौऱ्याण्णव.

परत आलो. लिमनं फॉर्म टेबलावर ठेवला. "लेन फोर. झीरो."

माझं डोकं सटकलं. "झीरो कसा? सगळ्या रेंजवर माणूस एकच. पाच नंबरवर काय भुतानं मारल्या का? तूच मोजल्या ना, एकशेचौऱ्याण्णव म्हणून?" अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. हातातलं घड्याळ मी टेबलावर आपटलं.

लिम म्हणाला, "रूल इज रूल." पण मान वर करून बोलला नाही.

"घाल तुझा रूल–"

"माने," साहेब म्हणाले. "बस. दुसऱ्याच्या कागदावर मारली तर शून्य. हा नियम मी कमिटीवर असताना मीच लिहिलाय."

त्यांनी फॉर्मवर सही केली. बोल्ट काढून लिमच्या हातात दिला, त्याची सही केली. रायफल कपाटात ठेवली, त्याची सही केली. आता ती कागदपत्रं होऊन अभिजितच्या नावावर गेलीय. मी अजून तिचे स्क्रू बघतो.

आम्ही निघालो तेव्हा काकू लिमजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "दॅट पेपर. फाइव्ह. कॅन आय टेक?"

लिम आत गेला. कागद घेऊन आला, त्याच्यावर एकशेचौऱ्याण्णव लिहून खाली सही केली, गुंडाळी करून रबर लावलं आन् दोन्ही हातांनी दिला. हे त्यानं रजिस्टरात लिहिलं नाही.

मी टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडून धरलं. साहेब आत बसले, काकू गुंडाळी मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. साहेब समोर बघत म्हणाले, "वीस गोळ्या. एकदा तरी वर नंबर बघायचा ना मी."

काकू म्हणाल्या, "मला पहिल्याच गोळीला दिसलं होतं."

साहेबांनी मान वळवली. "पहिल्याच? दुर्बिणीतून? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता," काकू म्हणाल्या. "आणि इतक्या सुंदर लागत होत्या हो."